शेजाऱ्याने वाचलं तरी चालेल असं : आरोग्यावर ऑनलाइन लिहू लागलेल्या डॉक्टर-नर्सेससाठी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या भागात, जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, पेशंट वाढायला लागले. तेव्हा ओपीडीत नाडी बघायच्या आधीच माझ्यापुढे फोन यायचे. 'मॅडम, हे बघा ना, खरं आहे का?' एका मेसेजमध्ये चिकन खाल्लं की पाय लुळे पडतात असं, दुसऱ्यात हा रोग शिंकेतून पसरतो असं, तिसऱ्यात कसला तरी काढा. एकाच सकाळी तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी मराठीत चौदा ओळी लिहून पेजवर टाकल्या. दुसऱ्या दिवशी लोक तोच मजकूर फोनवर दाखवत आले आणि म्हणाले, 'हे वाचलं, पण माझ्या आईला आठवड्यापूर्वी जुलाब झाले होते, तिला आणू का?' मला हवा होता तो प्रश्न हाच. त्या चौदा ओळींनी माझा वेळ वाचवला, आणि बरोबर माणूस बरोबर वेळेला दवाखान्यात आला.

तेव्हापासून ज्युनियर मुलंमुली विचारतात, 'मॅम, आम्हालाही लिहायचंय, सुरुवात कशी करू?' इंटर्न, रेसिडेंट, नर्सेस, फिजिओ, आहारतज्ज्ञ, सगळेच विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी वही, मग अकाउंट

अकाउंट उघडायची घाई करू नका. पंधरा दिवस टेबलावर एक साधी दोनशे पानी वही ठेवा आणि पेशंट किंवा नातेवाईक जो प्रश्न विचारतील तो त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'बीपीची गोळी एकदा सुरू केली की सुटत नाही ना?' 'सलाईन लावलं की अशक्तपणा जाईल ना?' 'ताप अंगावर काढला तर चालेल का?' नाव, वय काही लिहायचं नाही, फक्त प्रश्न. दोन आठवड्यांनी वही उघडलीत की सात-आठ प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. ते तुमचे पहिले सात-आठ लेख.

नवीन माणूस पहिल्यांदा आपल्याला ताजं काय माहीत आहे ते लिहायला जातो. परवाच वाचलेला शोधनिबंध, परिषदेत ऐकलेलं भाषण. त्यावर सहकाऱ्यांचे अंगठे येतात आणि त्यांच्या पलीकडे फारसं कुणी वाचत नाही. वहीतला प्रश्न मात्र कुणाच्या तरी तोंडून निघालेला असतो, म्हणून त्याचं उत्तर वाचणारा माणूसही ठरलेला असतो.

कुठे लिहायचं

यावर फार डोकं खर्च करू नका. पन्नाशीच्या पुढची पुणेकर मंडळी फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, कॉलेजची मुलं आणि नव्या आया इन्स्टाग्रामवर, आणि नीट समजून घ्यायचं असेल तर सगळेच यूट्यूबवर जातात. एक जागा निवडा, सहा महिने तिथेच राहा. एक अट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा : घरचं अकाउंट वेगळं, कामाचं वेगळं. भाचीच्या मुंजीचे फोटो आणि स्तनाच्या गाठीवरचा लेख एकाच भिंतीवर नको. पेशंटची फ्रेंड रिक्वेस्ट घरच्या अकाउंटवर आली तर ती तशीच राहू द्या आणि पुढच्या भेटीत 'कामाचं पेज आहे, तिथे या' असं हसून सांगा. कुणालाही वाईट वाटत नाही.

नावाखाली काय हवं

पूर्ण नाव, खरी पदवी, आणि डॉक्टर असाल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. जी पदवी प्रिस्क्रिप्शनवर लिहिता तीच इथे. आठवड्याभराच्या कोर्सवरून 'तज्ज्ञ' व्हायचं नाही. नर्स, फिजिओ, आहारतज्ज्ञ यांनीही आपण नेमके कोण आहोत ते पहिल्या ओळीत सांगावं. नर्सने लिहिलेला जखमेच्या ड्रेसिंगवरचा लेख डॉक्टरच्या लेखापेक्षा सरस असतो हे मी अनेकदा पाहिलंय, त्यामुळे त्यात संकोच कसला.

आता नियम. डॉक्टरांवर आजही बंधनकारक आहेत ते २००२ चे व्यावसायिक वर्तनाचे नियम. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं त्यात अनैतिक ठरवलं आहे. कुठल्याही औषधाची किंवा वस्तूची शिफारस करून प्रमाणपत्र देणंही त्यात बसत नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, बाहेरगावी जातोय, परत आलो, अशा निवेदनांना मुभा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले होते. समाजमाध्यमांवर डॉक्टरने कसं वागावं याचं स्वतंत्र मार्गदर्शन त्यांत होतं : लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, पेशंटकडून प्रशस्तिपत्रं मागू नयेत आणि ती टाकू नयेत, उघड्या व्यासपीठावर उपचार सांगू नयेत, पेशंटचे फोटो आणि स्कॅन टाकू नयेत. त्याच महिन्यात त्या नियमांना स्थगिती मिळाली, म्हणून जुने नियमच पुन्हा लागू झाले. पण माझं ऐकाल तर स्थगित नियमांतली ही चार वाक्यं लागू असल्यासारखी पाळा. ती शहाणपणाची आहेत.

आणखी दोन कायदे माहीत हवेतच. १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा काही ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो. मधुमेह आणि कर्करोग त्या यादीत आहेत. 'मधुमेह मुळापासून बरा' असली रील कोणत्याही पॅथीच्या माणसाने करू नये. आणि गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्यात जाहिरातीवरही बंदी आहे, त्यामुळे सोनोग्राफीबद्दल लिहिताना 'ओळखा पाहू मुलगा की मुलगी' असला खेळकरपणा विनोद म्हणूनही नको.

पहिली पोस्ट

जीबीएसचंच उदाहरण घेते. त्या रात्रीचा माझा पहिला मसुदा असा होता :

'गिया-बारे सिंड्रोम हा तीव्र स्वरूपाचा, बहुधा संसर्गोत्तर, ऑटोइम्यून पॉलिरॅडिक्युलोन्यूरोपॅथी प्रकारचा आजार असून कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या संसर्गानंतर तो उद्भवू शकतो.'

एक अक्षर चुकीचं नाही, आणि वाचणाऱ्याला एक अक्षरही कळणार नाही. मी तो घरात मोठ्याने वाचला. सासूबाई म्हणाल्या, 'म्हणजे घाबरायचं का नाही, ते सांग की.' मग पुन्हा लिहिला :

'पोट बिघडून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय साथ देईनात, चप्पल पायातून निसटू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशक्तपणा पायांकडून वर हातांकडे सरकत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर वाट पाहू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला जा. या आजारावर उपचार आहेत आणि बहुतेक लोक बरे होतात, काहींना मात्र महिने लागतात. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. काही पेशंटच्या तपासण्यांत दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारे जंतू सापडले आहेत, म्हणून पाणी खळखळ उकळून प्या. चिकन खायला हरकत नाही, पण आत गुलाबी राहणार नाही असं पूर्ण शिजवा, आणि कच्चं चिकन कापलेल्या सुरी-पाटीवर कोशिंबीर चिरू नका.'

यातली 'चप्पल निसटू लागली' ही ओळ मला पुस्तकातून मिळाली नाही. पायाचा पंजा उचलायची ताकद कमी झाली की माणसाला पहिल्यांदा ते चपलेवरून कळतं, आणि पेशंट तेच सांगतात. असा एक तपशील लेखात असला की वाचणारा आपल्या पायांकडे बघतो.

लिहिताना क्रम सांभाळा : आधी काय करायचं, मग हॉस्पिटलला कधी पळायचं, मग का. आपण कॉलेजात उलटं शिकलो, आधी व्याख्या, मग कारणं, मग लक्षणं आणि शेवटी उपचार. फोनवर वाचणारा माणूस शेवटपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून त्याच्या जिवाशी संबंध असलेलं वाक्य पहिल्या तीन ओळींत हवं. मराठी शब्द ओढूनताणून आणू नका. 'रक्तदाबमापक' कुणी म्हणत नाही, 'बीपीचं मशीन' म्हणतात. आणि टाकण्यापूर्वी डॉक्टर नसलेल्या एका माणसाला वाचून दाखवा. वाचताना तो जिथे थांबेल तिथे वाक्य बदला.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही

या भागासाठीच खरं तर मी लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी एक पोस्ट लिहिली. एक निवृत्त शिक्षक, मधुमेहाचे जुने पेशंट. एकादशीचा कडक उपास, पण 'गोळी चुकवायची नाही' हे मीच बजावलेलं, म्हणून त्यांनी रिकाम्या पोटी सकाळची गोळी घेतली. दुपारी दरदरून घाम, बोलणं असंबद्ध. घरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका. साखर उतरली होती. ग्लुकोज दिल्यावर अर्ध्या तासात ते नेहमीसारखे बोलू लागले. मला वाटलं, हे सगळ्यांनी वाचलं पाहिजे. मी नाव लिहिलं नाही. 'कोथरूडमधले एक निवृत्त गणिताचे सर' एवढंच लिहिलं, आणि त्या गोंधळात ते काय बोलत होते त्याचं एक वाक्यही लिहिलं, कारण ते मला हृद्य वाटलं होतं.

तीन दिवसांनी त्यांची सून दवाखान्यात आली. आवाज चढवला नाही तिने. फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, 'आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलंय, हे आपले सर ना? बाबा दोन दिवस खाली उतरलेले नाहीत.' शिक्षक, गणित, कोथरूड, एकादशी आणि अँब्युलन्स. पाच धागे. शेजारच्या माणसाला दोन पुरले असते.

मी पोस्ट काढली, त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. पण ते पुन्हा माझ्याकडे तपासायला आले नाहीत. आज हे लिहिण्याआधी मी त्यांच्या घरच्यांना विचारलं, हा मजकूर त्यांना वाचून दाखवला, आणि त्यांनी सांगितले तेवढे तपशील बदलले. ते आधी करायला हवं होतं.

म्हणून माझी कसोटी एकच : पेशंटच्या शेजाऱ्याने वाचलं तर त्याला ओळख पटेल का? पुणं मोठं झालंय, पण माणसं अजून एकमेकांना ओळखून आहेत. सदाशिव पेठेतला दुकानदार असो की हिंजवडीच्या टॉवरमधला शेजारी, 'दोन जुळी मुलं असलेली', 'नुकतीच अमेरिकेहून आलेली' एवढ्यावर काम होतं. अमेरिकेतल्या आरोग्य-माहितीच्या कायद्यात, ज्याला हिपा म्हणतात, ओळख पुसण्यासाठी अठरा प्रकारचे तपशील काढायची यादी आहे : नाव, राहण्याचा छोटा परिसर, ॲडमिट झाल्याची तारीख, फोन नंबर, चेहऱ्याचा फोटो वगैरे. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण ती यादी एकदा डोळ्यांखालून घाला. तारीख हाही ओळखीचा धागा आहे हे मला त्या यादीमुळे कळलं. 'काल रात्री ड्युटीवर' असं लिहिलंत तर तुमचं हॉस्पिटल आणि कालची रात्र मिळून पेशंट एकच उरतो.

सुरक्षित मार्ग असा की एका पेशंटची गोष्ट सांगूच नका. दहा पेशंटमध्ये जे सारखं दिसलं ते सांगा. 'उपासाच्या दिवशी साखर उतरलेली माणसं दर वर्षी येतात' हे कुणा एकाचं नाही आणि तितकंच खरं आहे. एकाचीच गोष्ट सांगणं अगदी गरजेचं असेल तर लेखी संमती घ्या, मराठीत, आणि कुठे टाकणार ते त्यात लिहा. संमती घेण्याची वेळही महत्त्वाची. तपासणीच्या टेबलावर झोपलेला माणूस डॉक्टरला नाही म्हणू शकत नाही. उपचार संपल्यावर, बिल झाल्यावर, खुर्चीत समोरासमोर बसून विचारा, तयार मजकूर त्याला वाचायला द्या, आणि 'उद्या नको वाटलं तर काढून टाकेन' असं सांगा. त्याच वेळी हेही खरं सांगा की कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो माझ्या हातात नाही.

काही बाबतींत तर विषयच बंद ठेवा. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात, लैंगिक अत्याचार झालेली मुलं : या प्रत्येकासाठी गोपनीयतेची वेगळी कायदेशीर तरतूद आहे. एचआयव्हीचा आणि मानसिक आरोग्याचा कायदा, दोन्ही २०१७ चे. तिथे विषयावर भरपूर लिहा, माणसावर एक शब्दही नको.

पेशंटचे फोटो टाकू नयेत हे वर आलंच. तरी कुणी टाकलेच तर काय बघायचं ते सविस्तर सांगते, कारण चुका इथेच होतात. एक्स-रे फोनवर उघडा आणि चारही कोपरे बोटांनी मोठे करून बघा. वरच्या कोपऱ्यात नाव आणि वय, खाली तारीख आणि सेंटरचं नाव, कधी रजिस्ट्रेशन नंबर. अनेक जण फोनमधल्या ब्रशने नावावर काळं फिरवतात. त्यातला मार्करचा ब्रश अर्धपारदर्शक असतो, आणि तो फोटो उजळ केला की खालची अक्षरं परत दिसतात. काळं फासू नका, तो भाग कापून टाका आणि कापलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरा. त्यामुळे फोटोत लपलेली जागा-वेळेची नोंदही जाते. त्वचेवरचा गोंदवलेला शब्द, हातातलं कडं, मागच्या भिंतीवरचा वॉर्डचा फलक, बेडशेटवर छापलेलं हॉस्पिटलचं नाव, हे सगळं बोलतं. मला विचाराल तर नवीन माणसाने पहिलं वर्षभर पेशंटचा कुठलाही फोटो टाकू नये. चित्र हवं असेल तर वहीच्या पानावर हाताने काढा. माझं गुडघ्याचं वाकडंतिकडं रेखाचित्र लोकांना एमआरआयपेक्षा जास्त कळलं.

कॉमेंट आणि इनबॉक्स

पोस्ट चालली की दुसऱ्या दिवशी इनबॉक्समध्ये रिपोर्ट येऊ लागतात. 'डॉक्टर, मुलाला १०२ ताप आहे, कोणती गोळी देऊ?' उत्तर देण्याची ऊर्मी मी समजू शकते, पण औषध आणि डोस तिथे लिहायचा नाही. त्या मुलाचं वजन किती, त्याला ॲलर्जी कसली, तो पाणी पितोय का, मान ताठ आहे का, हे तुम्हाला दिसत नाही. शिवाय ती कॉमेंट वाचून दुसरी आई आपल्या सहा महिन्यांच्या बाळाला तोच डोस देईल.

एक उत्तर तयार करून ठेवा. माझं असं आहे : 'ताई, तुमची काळजी समजते. न बघता औषध सांगणं मुलासाठी धोक्याचं आहे. मूल सुस्त पडलं असेल, लघवी कमी झाली असेल, झटका आला असेल किंवा धाप लागली असेल तर आत्ताच जवळच्या हॉस्पिटलला न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. नसेल तर आज तुमच्या डॉक्टरांना दाखवा.' हे रुक्ष वाटत नाही, कारण त्यात माणसाला करण्यासारखं काहीतरी आहे. ऑनलाइन तपासायचंच असेल तर २५ मार्च २०२० ला आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं वाचा आणि रीतसर कन्सल्टेशन करा : पेशंटची ओळख, नोंद, नोंदणी क्रमांकासह प्रिस्क्रिप्शन. मेसेंजरवरची गप्पा ही तपासणी नव्हे.

कुणी रागाने लिहिलं की 'तुमच्याकडे आलो, काही फरक पडला नाही', तर तिथे खुलासा करू नका. 'तुमची साखर ४०० होती आणि तुम्ही पथ्य पाळलं नाही' असं लिहिलंत की तुम्ही त्याचा रिपोर्ट चारचौघांत वाचला. तो आपला पेशंट आहे हेही तिथे मान्य करायचं नाही. 'आपल्याला त्रास झाला याचं वाईट वाटतं, दवाखान्यात फोन करा, शांतपणे बोलू' एवढं बास. हात शिवशिवतात, मला माहीत आहे. फोन उपडा ठेवा आणि ओपीडी सुरू करा.

सोसायटीच्या ग्रुपवरचे काका

फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चुकीच्या माहितीच्या लोंढ्याला इन्फोडेमिक म्हटलं. आपल्याकडे तो लोंढा बहुधा सकाळी सहाला, शुभप्रभातच्या फुलांबरोबर येतो. मेसेजवर दोन बाण दिसले की तो खूप हातांतून आलाय असं समजा.

माझी पद्धत अशी. पाठवणाऱ्याला आधी वेगळा मेसेज. 'काका, काळजीपोटी पाठवलंत ते कळलं. यात एक गोष्ट चुकीची आहे, ग्रुपवर मी नीट लिहू का, की तुम्हीच टाकता?' दहातले बरेच काका स्वतःच दुरुस्ती टाकतात आणि पुढच्या वेळी आधी विचारतात. चारचौघांत त्यांना खोटं पाडलंत तर पुढचे सगळे मेसेज ते तुम्हाला वगळून पाठवतील. दुरुस्ती लिहिताना अफवेपासून सुरुवात करू नका. 'चिकनमुळे जीबीएस होतो हे खोटं आहे' यातलं 'चिकनमुळे जीबीएस होतो' एवढंच डोक्यात राहतं. 'पूर्ण शिजवलेलं चिकन खायला सुरक्षित आहे' हे पहिलं वाक्य. आणि अफवेचा स्क्रीनशॉट स्वतःच्या पेजवर चिकटवू नका, तो कापून पुढे जातो आणि त्यावर तुमचं नाव असतं.

तारीख

प्रत्येक पोस्टच्या पहिल्या ओळीत महिना आणि वर्ष लिहा. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात प्रत्येक ग्रुपवर कोविडच्या पेशंटसाठी बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा हवा असे निरोप फिरत होते, डॉक्टरही ते पुढे पाठवत होते, मीही पाठवले. आयसीएमआरच्याच चाचणीत प्लाझ्माने मृत्यू कमी होत नसल्याचं ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आलं होतं, आणि मे २०२१ मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. लोक रक्तपेढ्यांच्या दारात रात्र रात्र उभे राहिले, त्याला आमच्या निरोपांचाही हातभार होता. ही गोष्ट मला अजून टोचते. त्यानंतर मी मत बदललं की जुनी पोस्ट पुसत नाही, तिच्या डोक्यावर 'दुरुस्ती' असं लिहून काय बदललं आणि का, ते दोन ओळींत सांगते. मास्कबद्दलचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही जून २०२० मध्ये बदलला होता. विज्ञान असंच पुढे जातं हे लोकांना सांगितलं तर ते समजून घेतात. गुपचूप पुसलेलं मात्र त्यांच्या लक्षात राहतं.

आपल्याआपल्यातले ग्रुप

बॅचचे, स्पेशालिटीचे, हॉस्पिटलचे ग्रुप फार उपयोगी आहेत. रात्री दोनला ईसीजी टाकला तर कुणीतरी जागं असतं. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांनी तर २०१२ मध्ये डब्लिनच्या परिषदेच्या वेळी मोफत आणि खुल्या वैद्यकीय शिक्षणाची चळवळच 'फोम' (FOAM) असं नाव देऊन उभी केली, आणि आज आपला रेसिडेंट त्यांचे लेख ससूनच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या वाचतो.

पण ग्रुप बंद आहे म्हणजे खाजगी आहे असं समजू नका. तिथे टाकलेला फोटो शंभर फोनांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, आणि त्यातले निम्मे फोन संध्याकाळी मुलांच्या हातात असतात. व्हॉट्सअ‍ॅपचं गॅलरीत साठवणं सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करा. दुसऱ्या डॉक्टरच्या उपचारांवर तिथे शेरा मारू नका. तुम्हाला अर्धीच केस माहीत असते, आणि तो स्क्रीनशॉट नातेवाइकांपर्यंत पोचतो.

पैशांबद्दल

प्रोटीन पावडरची, ग्लुकोमीटरची, लॅबची ऑफर येईल. डॉक्टरने घेऊ नये, विषय संपला. बाकीच्यांनी घेतलीच तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं. ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचना आरोग्यावर बोलणाऱ्यांसाठीच आहेत, त्या वाचून घ्या.

वर्षाचं पान

शेवटचं काम म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्ष आखून ठेवणं, कारण पुण्यातले आजार तिथीवार आणि ऋतूवार येतात. पालखीच्या आधी वारकऱ्यांच्या पायांच्या जखमा आणि पिण्याचं पाणी. जुलैपासून दिवसा चावणारा एडिस डास, डेंग्यू, आणि आठवड्यातून एकदा कूलर-कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करणं. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून झिकाचे, म्हणजे डासातून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोका असणाऱ्या आजाराचे, पेशंट निघाले, म्हणून गरोदर बायकांसाठी वेगळी पोस्ट. गणपतीत ढोलताशाने कान आणि लेझरच्या झोतांनी डोळे. दिवाळीत भाजणं आणि दमा. रमजानमध्ये रोजे आणि मधुमेहाची औषधं. प्रत्येक विषयाची पोस्ट सणाच्या आठ दिवस आधी गेली पाहिजे, सण उलटल्यावर तिचा कुणाला उपयोग नाही.

आषाढीच्या आठवडाभर आधी मी दर वर्षी हा मजकूर टाकते. पहिल्यांदा लिहायला घेतलेल्यांनी नमुना म्हणून वापरला तरी चालेल, फक्त वर्ष बदला आणि आपल्या नावाने टाका :

'मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेता आणि एकादशीचा उपास करायचाय? मग आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा आणि विचारा : त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची का, किती, आणि कधी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या आणि इन्सुलिन रिकाम्या पोटी घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. मनाने गोळी बंदही करू नका. साबुदाण्याने साखर झपाट्याने वाढते, म्हणून खिचडी वाटीभरच, सोबत दाणे, दही, ताक.

दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, विचित्र बोलणं : ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या. साखर मोजायचं मशीन असेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे वाचून दाखवा. उपास मोडला तर विठ्ठल रागावत नाही, असं माझी आजी म्हणायची.'